सेकंडहँड वस्तूच्या विक्रेत्याला किती स्टार द्यायचे?

वापरलेली वस्तू ऑनलाइन घेतली की शेवटी विक्रेत्याबद्दल लिहायची वेळ येतेच. कुठे पाच स्टारांची रांग असते, कुठे नुसती कमेंटची चौकट, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घेतलं, बरं निघालं’ एवढी एक ओळ. बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. काही बिघडलं नाही तर पाच स्टार, बिघडलं तर एक. पुढच्या गिऱ्हाइकाला यातून काहीच कळत नाही.

नव्या मालाची कसोटी जुन्याला लावता येत नाही. जुन्या फोनवर ओरखडे असणार, बॅटरी उतरलेली असणार, पुस्तकाची पानं पिवळी पडलेली असणार. त्या झिजेचे पैसे किमतीतून आधीच वजा झालेले असतात. विक्रेत्याने जे सांगितलं आणि हातात जे आलं, त्यात अंतर किती, एवढंच तपासायचं असतं. पोचा पडलेला फ्रिज ‘डाव्या दाराला पोचा आहे, फोटो बघा’ असं सांगून विकणारा माणूस पाच स्टारांचा धनी आहे. चकचकीत फ्रिज विकताना दाराचं रबर फाटलंय हे न सांगणारा नाही, मग तो फ्रिज एरवी कितीही चांगला चालो.

जाहिरात आधी जपून ठेवा

अभिप्रायाची तयारी पैसे देण्याआधीच सुरू होते. वस्तू विकली गेली की विक्रेता जाहिरात काढून टाकतो आणि वर्णन, फोटो, लिहिलेली किंमत सगळं त्याबरोबर जातं. मग ‘मी तर सांगितलं होतं’ आणि ‘नव्हतं सांगितलं’ एवढंच उरतं. त्यामुळे सौदा ठरला की लगेच जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण वर्णन, प्रत्येक फोटो, विक्रेत्याचं प्रोफाइल आणि चॅटमधली उत्तरं, सगळं त्यात यायला हवं. फोनवर बोलणं झालं असेल तर नंतर मेसेज टाका: ‘आपलं ठरलं त्याप्रमाणे, मशीन चालू स्थितीत, पाइप आणि स्टँडसह, ड्रायर दुरुस्त केलेला नाही. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की तोच तुमचा कागद.

या मेसेजमध्ये नकारार्थी प्रश्न अवश्य विचारा. ‘वस्तू चांगली आहे ना?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. ‘कधी उघडून दुरुस्त केली आहे का? पाणी लागलंय का? कुठला भाग बदललाय?’ या प्रश्नांना खोटं उत्तर देणं विक्रेत्याला जड जातं, आणि दिलंच तर अभिप्राय लिहिताना तुमच्याकडे नेमकं वाक्य असतं.

दोष कोणाच्या खात्यावर

वस्तू बिघडलेली आली की सगळा राग विक्रेत्यावर निघतो. पण बिघाड चार ठिकाणांहून येतो: वस्तूत आधीपासून असलेला, पॅकिंगमुळे झालेला, वाहतुकीत झालेला, आणि घरी आल्यावर आपल्या हातून झालेला. स्टार ठरवण्याआधी ही वाटणी करायलाच हवी, आणि थोडं नीट पाहिलं तर ती बऱ्यापैकी करता येते.

पार्सल आलं की खोका फोडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा आणि फोडतानाचा सलग व्हिडिओ घ्या. पत्त्याच्या लेबलापासून सुरुवात करा, मध्ये कॅमेरा बंद करू नका. खोका एका कोपऱ्यात चेपलेला आहे आणि वस्तूही त्याच कोपऱ्यात फुटली आहे, तर कुरिअरने आपटलं. खोका धड आहे आणि आत वस्तू तुटलेली आहे, तर एकतर ती तुटलेलीच भरली होती किंवा आत मोकळी हलत होती. हे दोन्ही विक्रेत्याकडे जातं. पॅकिंग हे त्याचं काम आहे आणि सोपं आहे: चारी बाजूंनी निदान दोन इंच भरण, हलवल्यावर आत आवाज नाही, जड वस्तू तळाशी, सुटे भाग वेगळ्या पिशवीत. जून ते सप्टेंबर मुंबईत पाठवायचं तर खोक्याच्या आत प्लास्टिकचं आवरण हवंच. पुठ्ठा भिजला की त्याची ताकद जाते, वरच्या पार्सलांच्या वजनाने तो बसतो. पावसाळ्यात नुसत्या तपकिरी कागदात गुंडाळून पुस्तकं पाठवणाऱ्याला ‘कुरिअरवाल्याने भिजवली’ म्हणता येणार नाही.

मोठ्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे, कारण टेम्पो बहुतेक वेळा घेणाराच ठरवतो. फ्रिज आडवा टाकून आणला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरला तेलच पुरत नाही आणि तो खराब होऊ शकतो. आडवा आला असेल तर जितका वेळ आडवा होता निदान तेवढा वेळ, आणि जमलं तर दिवसभर, उभा ठेवून मग चालू करावा. टेम्पो तुम्ही बोलावला, हमालांनी फ्रिज आडवा केला आणि तासाभरात तुम्ही तो चालू केलात, तर त्यानंतरच्या बिघाडाबद्दल विक्रेत्याला एक स्टार देणं अन्याय आहे. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट असतात. ते न लावता हलवलं तर आतला ड्रम झुलतो आणि आधारांना मार बसतो. लावलेले काढायला विसरलं तर पहिल्याच स्पिनला मशीन खोलीभर नाचतं. बोल्ट हरवले असतील तर ते सांगणं विक्रेत्याचं काम, लावलेले असतील तर काढणं तुमचं. स्प्लिट एसी काढताना गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो. तो न ओढता नळ्या सोडल्या तर गॅस उडून जातो. तेव्हा एसी थंड करत नसेल तर तो कोणाच्या मेकॅनिकने काढला, हे आधी पाहा. विक्रेत्याच्या माणसाने काढला असेल तर विक्रेत्याला विचारा, तुमच्या माणसाने काढला असेल तर त्याला विचारा.

समोरासमोर घेतलेल्या वस्तूला आणखी एक रेघ ओढावी लागते. दादरला पुलाखाली किंवा ठाण्याला तिकीट खिडकीपाशी भेटून, वस्तू हातात घेऊन, बघून पैसे दिले असतील तर डोळ्यांना दिसणारे दोष आपण स्वीकारले. काचेवरचा तडा त्या वेळी दिसला नाही म्हणून नंतर स्टार कापू नयेत. तिथे तपासता येण्यासारखे नव्हते तेवढेच दोष विक्रेत्याच्या खात्यावर जातात: दोन तासांत उतरणारी बॅटरी, तापल्यावर बंद पडणारा लॅपटॉप, रात्री सुरू होणारी गळती.

लिहिण्याआधी किती दिवस थांबायचं

पार्सल फोडल्याफोडल्या आनंदात दिलेले पाच स्टार आणि रागात दिलेला एक, दोन्ही कच्चे असतात. प्रत्येक वस्तूला आपापला वेळ लागतो. तो मिळण्याआधी ॲप कितीही आठवण करून देवो, थांबावं. फक्त ॲपमध्ये अभिप्रायाची मुदत आहे का ते आधी बघून ठेवा.

मोबाइलला दोन-तीन दिवस द्या. पहिल्याच दिवशी *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि बिलावरच्या किंवा खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. खरं तर हे पैसे देण्याआधीच करायचं. संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘नो युवर मोबाइल’ सुविधेत किंवा १४४२२ वर ‘केवायएम’ आणि पुढे १५ आकडी आयएमईआय असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवून फोनची स्थिती कळते. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन घ्यायचाच नाही. मग दोन्ही सिम स्लॉट, दोन्ही स्पीकर, माइक, पुढचा-मागचा कॅमेरा, चार्जिंगची पिन हलवून पाहणं, आणि पडद्यावर पूर्ण राखाडी चित्र लावून जुन्या आयकॉनच्या सावल्या दिसतात का ते. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा सेटिंगमध्येच असतो. ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने बदलायला आलेली असते. बदललेला डिस्प्ले किंवा बॅटरी असेल तर नव्या मॉडेलांत ‘अबाउट’मध्ये तशी नोंद दिसते. सिमच्या खाचेत टॉर्च मारा. आतली पांढरी पट्टी लाल झाली असेल तर फोनला पाणी लागलेलं आहे. ‘बॅटरी ८९ टक्के’ असं लिहून ८९ टक्केच निघाली तर ती कमी आहे म्हणून तक्रार नाही. आकडाच लिहिला नव्हता आणि तुम्हीही विचारला नव्हता, तर दोघांचीही चूक. अशा वेळी अभिप्रायात ‘बॅटरी किती आहे ते आधी विचारून घ्या’ एवढं लिहिणं पुरेसं.

लॅपटॉपचा विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारीशेजारी दिसतात. ५०,००० मिलिवॅट-अवरची बॅटरी आता ३०,००० घेत असेल तर ती ६० टक्क्यांवर आली. हार्ड डिस्क किती तास चालली आहे आणि तिचे किती खराब भाग (सेक्टर) बदलले गेलेत हे डिस्क स्वतःच ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदीत सापडतं. ‘सहा महिने वापरलेला’ म्हणून विकलेल्या लॅपटॉपची मूळ डिस्क १४,००० तास चाललेली निघाली तर हिशेब सरळ आहे: सहा महिन्यांत मिळून जेमतेम ४,४०० तास असतात. असा आकडा अभिप्रायात घाला. त्यावर वाद होत नाही.

कॅमेऱ्याची लेन्स हा मुंबईत जुनी वस्तू घेणाऱ्यांचा कायमचा विषय. पावसाळ्यात इथल्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बंद बॅगेतल्या लेन्सवर बुरशी धरते. मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. बुरशी चार दिवसांत वाढत नाही, त्यामुळे वस्तू आल्या दिवशी ती दिसली तर ती आधीची आहे, आणि ‘लेन्स क्लीन’ लिहिणाऱ्याने एकतर पाहिलं नाही किंवा लपवलं. आत धुळीचे दोन-चार कण असणं मात्र साहजिक आहे. फोटोवर त्यांचा परिणाम होत नाही, त्यासाठी स्टार कापू नका.

पुस्तकांना तासभर पुरतो, पण तो तास द्यायला हवा. पानांचा पिवळेपणा हा कागदाचा स्वभाव आहे. तपकिरी ठिपके दमटपणाने येतात. फोटोत दिसत असतील तर तक्रार नाही. कसर लागली आहे का, हे शिवणीजवळ आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बघा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर ते पुस्तक कपाटात ठेवण्याआधी वेगळं काढा आणि विक्रेत्याला कळवा, कारण त्याच्या बाकीच्या साठ्यालाही ती लागलेली असणार. पानं गळाली आहेत का हे बघताना सोळा पानी फर्म्याच्या (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) सांध्यांवर आधी नजर टाका, म्हणजे १७, ३३, ४९ अशा पानांपाशी. शिवण सुटली की अख्खा फर्मा निघून येतो. जुन्या दिवाळी अंकांत खिडकीचित्रांची पानं कापलेली असतात, शब्दकोडी पेनने भरलेली असतात, मधलं रंगीत पान काढून घेतलेलं असतं. आणि ‘पहिली आवृत्ती’ असं सांगून जादा पैसे घेतले असतील तर मुखपृष्ठावर न जाता आतलं प्रकाशनाचं पान वाचा. तिथे ‘पुनर्मुद्रण’ असेल तर हे वर्णनातलं सर्वांत गंभीर अंतर आहे. वाचण्यासाठी पुस्तक तेच असलं, तरी किंमत आवृत्तीची घेतलेली असते.

सोफा, पलंग, गादी यांना दोन आठवडे द्या. कारण ढेकूण. आल्या दिवशी सांधे, स्क्रूची भोकं, गादीची शिवण यांत काळे ठिपके दिसतात का ते टॉर्चने पाहा आणि फोटो काढा. अंडी फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या रात्री काही चावलं नाही याचा अर्थ काही नाही. मात्र आल्या दिवशी एकही खूण नव्हती आणि महिन्याने ढेकूण दिसले, तर ते याच सोफ्यातून आले असं ठामपणे लिहिता येणार नाही. लिहू नका. लाकडाचं वर्णन मात्र पहिल्या दिवशीच तपासता येतं: ड्रॉवर बाहेर काढून कडा बघा. सागवान म्हणून विकलेल्या कपाटाच्या कडेला थर दिसले तर प्लायवूड, भुशाचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्डाने एकदा पाणी प्यायलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

फ्रिजला चोवीस तास आणि एक साधा थर्मामीटर. आतल्या कप्प्यात २ ते ५ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास. वॉशिंग मशीनच्या दोन-तीन पूर्ण फेऱ्या, त्यातली एक भरलेल्या ड्रमची.

आधी विक्रेत्याला कळवा

काही चुकीचं निघालं तर अभिप्रायाआधी मेसेज. यात सौजन्य आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे विक्रेता तक्रारीला कसा वागतो हाच अभिप्रायातला सर्वांत उपयोगी भाग असतो. जुन्या मालात काही ना काही निघतंच. निघाल्यावर समोरचा काय करतो, हे पुढच्या माणसाला जाणून घ्यायचं असतं.

मेसेज असा असावा: ‘नमस्कार, काल तुमच्याकडून घेतलेल्या मिक्सरचं मोठं भांडं खालून गळतंय, व्हिडिओ पाठवते. जाहिरातीत तिन्ही भांडी चालू लिहिलं होतं. भांडं दुरुस्त करायचा खर्च द्याल, की मिक्सर परत घ्याल? उद्या संध्याकाळपर्यंत कळवाल का?’ यात दोष आहे, पुरावा आहे, त्याचं मूळ वाक्य आहे, दोन पर्याय आहेत आणि वेळ आहे. स्टारांचा उल्लेख नाही, आणि तो नसावाच. ‘पैसे परत करा नाहीतर एक स्टार देईन’ ही धमकी झाली. असा मेसेज विक्रेत्याने ॲपला दाखवला तर तुमचा खरा अभिप्रायही काढला जाऊ शकतो.

एक-दोन दिवस वाट बघणं योग्य. घरातलं सामान काढणारी माणसं नोकरी करून हे करतात. सकाळी लोकलमध्ये असताना मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून संवादाचे गुण कापण्यात अर्थ नाही. तसंच रविवारी मेगाब्लॉक असताना माणूस अर्धा तास उशिरा पोहोचला आणि त्याने फोन करून कळवलं होतं, तर ती बाब अभिप्रायात यायला नको. न कळवता दोनदा यायचं टाळलं तर मात्र जरूर यावी.

आकडा ठरवताना

ईबेवर विक्रेत्याला चार बाबींवर वेगवेगळे स्टार देण्याची पद्धत आहे: वर्णनाप्रमाणे वस्तू, संवाद, पाठवायला लागलेला वेळ, पाठवणीचा खर्च. मुंबईत सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही खरेदी-विक्रीची साइट २००४ साली ईबेने घेतल्यावर भारतातही बऱ्याच जणांना ती ओळखीची झाली; इथला ईबे २०१८ साली बंद पडला. आपल्या ॲपमध्ये एकच आकडा द्यायचा असला तरी मनात हे चार कप्पे करावेत. फक्त ते समान नाहीत. माझ्या मते वर्णनाचं वजन बाकी तिन्हींच्या एकत्र वजनाइतकं असावं. कारण उशीर आणि तुटक बोलणं विसरता येतं, चुकीच्या वर्णनाचे पैसे गेलेले असतात.

मग साधारण असं: वर्णन खरं, वागणूक ठीक, तर पाच, वस्तू कितीही जुनी असो. वर्णन खरं पण पॅकिंग ढिसाळ किंवा दोनदा वेळ बदलली, तर चार. एखादी महत्त्वाची गोष्ट सांगितली नव्हती, पण विचारल्यावर मान्य करून भरपाई दिली, तरीही चार, आणि मजकुरात दोन्ही गोष्टी. सांगितली नव्हती आणि भरपाईही नाही, तर दोन. मुद्दाम खोटं सांगितलं किंवा पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं, तर एक. तीन मी सहसा टाळते. ‘बरं होतं’ म्हणून दिलेले तीन स्टार वाचणाऱ्याला कौतुक वाटतात की तक्रार, हे त्याच्यावर सोडलेलं असतं.

आकड्याचा भार विक्रेता कोण आहे यावरही ठरतो. घर बदलताना चार वस्तू विकणाऱ्या बाईंना आधी तीन पाच-स्टार मिळालेत. तुमच्या एका स्टारने त्यांची सरासरी थेट ४ वर येते. २०० अभिप्राय आणि ४.८ सरासरी असलेल्या व्यापाऱ्याला तोच एक स्टार दिला तर ४.७८ होते, कोणाला दिसतही नाही. म्हणून घरगुती विक्रेत्याच्या बाबतीत आकडा जपून आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत मजकूर सविस्तर, असं करावं. व्यापाऱ्याचे जुने अभिप्राय चाळून तोच दोष आधी कोणी लिहिलाय का बघा. तीन जणांनी ‘चार्जर डुप्लिकेट निघाला’ लिहिलं असेल तर तुमचं चौथं वाक्य सरासरीपेक्षा मोलाचं आहे.

मजकूर

आधी वस्तूचं नाव आणि मॉडेल, मग काय सांगितलं होतं, काय मिळालं, कळवल्यावर काय झालं. चार-पाच वाक्यं. उदाहरणार्थ: ‘लाकडी टेबल, ४ बाय २ फूट, माप बरोबर. जाहिरातीत पूर्ण सागवान लिहिलं होतं. पाय सागवानाचे आहेत, वरची फळी व्हिनियर लावलेल्या प्लायवूडची आहे. फोटो खरे. फळीबद्दल कळवल्यावर त्याच दिवशी उत्तर आलं आणि ५०० रुपये परत मिळाले.’ हे वाचून कोणीही आपला निर्णय घेऊ शकतो, स्टार न बघता.

चांगला अभिप्रायही असाच लिहावा. ‘मस्त सेलर, हायली रेकमेंडेड’ यापेक्षा ‘पुस्तकाच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठा लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवलं, जुलैत आलं तरी कोरडं’ हे वाक्य विक्रेत्याला जास्त गिऱ्हाइकं देईल. चांगल्या विक्रेत्यांवर आपण फार कमी लिहितो, आणि त्यामुळे त्यांचं प्रोफाइल नव्या, अनोळखी माणसासारखंच दिसत राहतं. मला ही उणीव खटकते.

काय लिहू नये: विक्रेत्याचं पूर्ण नाव, फोन, इमारत, गाडीचा नंबर. फोटोतलं पार्सलचं लेबल झाका. ‘चोर’, ‘फ्रॉड’ असे शब्द टाळा. माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका, घडलेली गोष्ट लिहा. ‘१२ तारखेला पैसे पाठवले, वस्तू आली नाही, १५ तारखेपासून मेसेजला उत्तर नाही’ हे पुराव्यानिशी सांगता येतं. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि सार्वजनिक हितासाठी सांगितलेल्या सत्याला त्यात अपवाद आहे. तारखा आणि स्क्रीनशॉट असलेला मजकूर त्या अपवादात उभा राहतो, शिवी राहत नाही.

जिथे स्टार पुरत नाहीत

पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही, किंवा ‘पैसे मिळवायला यूपीआय पिन टाका’ असं सांगून खातं रिकामं केलं, तर तो अभिप्रायाचा विषय नाही. पैसे मिळवायला पिन लागतच नाही. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. चोरीचा फोन निघाला तर पोलिसांकडे.

नेहमीचा धंदा म्हणून विकणाऱ्यावर आणि ज्या ॲपवर तो विकतो त्याच्यावर ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण एखादी व्यक्ती घरातली जुनी वस्तू सहज विकत असेल तर तिचं विकणं या नियमांच्या बाहेर राहतं. अशा सौद्यात तुमच्या हाती मुख्यतः संवाद आणि अभिप्रायच असतो, म्हणून तो नेमका असायला हवा.

पाच स्टारांच्या बदल्यात पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट, अशी चिठ्ठी काही व्यापारी पार्सलमध्ये टाकतात. सूट घेऊ नका, आणि अभिप्रायात ‘पाच स्टारांसाठी सूट देऊ केली होती’ असं एक वाक्य घाला. त्यांचे बाकीचे पाच स्टार कसे वाचायचे हे लोकांना त्यावरून कळेल. भरपाई देताना ‘आधी रिव्ह्यू काढा, मग पैसे पाठवतो’ असं म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. पैसे आले की मजकूर तुम्ही स्वतः सुधारा: जुनं पुसू नका, खाली तारीख घालून जोडा. ‘२० ऑगस्ट: विक्रेत्यांनी दुरुस्तीचे ८०० रुपये दिले. दोनाचे चार स्टार करत आहे.’ ॲप मजकूर बदलू देत नसेल तर विक्रेत्याने खाली दिलेल्या उत्तराला प्रत्युत्तर म्हणून हेच लिहा, आणि तेही शक्य नसेल तर चॅटमध्ये लिहून द्या, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं की विक्रेत्याला ते दाखवता येईल.